विश्लेषण : ग्राफिक्स कार्डचा कूलर बदलला, पण फरक मोजायचा कसा?

संगणकावर गेम सुरू केला, की दहा-पंधरा मिनिटांत टेबलाखालून घरघर सुरू होते. हेडफोन लावला तरी ती ऐकू येते आणि घरातले लोक ‘विमान उडवतोयस का?’ म्हणून विचारतात. यावर उपाय म्हणून ग्राफिक्स कार्डचा मूळ कूलर काढून बाजारात स्वतंत्र मिळणारा, म्हणजेच आफ्टरमार्केट कूलर बसवण्याचा मार्ग काही जण निवडतात. अशा कूलरच्या जाहिरातींत आणि परीक्षणांत ‘इतक्या अंशांनी थंड’, ‘इतक्या डेसिबलने शांत’ असे आकडे ठळकपणे दिलेले असतात. हे आकडे खोटे असतातच असे नाही. मात्र ते कोणत्या खोलीत, पंख्याच्या कोणत्या वेगाला आणि किती अंतरावरून मोजले, हे कळल्याशिवाय त्यांना फारसा अर्थ नसतो. तापमान आणि आवाज यांची चाचणी कशी होते, त्यात गफलत कुठे होते आणि घरच्या घरी ती कशी करता येईल, याचा हा आढावा.

कूलर बदलण्याची वेळ का येते?

ग्राफिक्स कार्डला मिळणारी जवळपास सगळी वीज शेवटी उष्णतेत बदलते. अडीचशे वॅटचे कार्ड पूर्ण क्षमतेने चालत असेल, तर तळहाताहून लहान चिप आणि तिच्या आसपासचे भाग मिळून अडीचशे वॅटची शेगडीच पेटलेली असते. ही उष्णता आधी तांब्याच्या तळाला, तेथून हीटपाइपमधून अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पात्यांपर्यंत आणि शेवटी पंख्याच्या हवेत जाते. यातील पाती कमी किंवा पंखा लहान असेल, तर तेवढीच उष्णता बाहेर काढण्यासाठी पंखा जास्त वेगाने फिरवावा लागतो. साहजिकच आवाज वाढतो.

दुसरे कारण जुन्या कार्डांचे. इथेरियम या कूटचलनाचे ग्राफिक्स कार्डवरील ‘मायनिंग’ १५ सप्टेंबर २०२२ रोजी थांबले आणि त्यानंतर वापरलेली कार्डे मोठ्या प्रमाणावर विक्रीला आली. महिनोन्महिने दिवसरात्र चाललेल्या कार्डात पंख्याचे बेअरिंग झिजलेले, थर्मल पेस्ट वाळलेली असू शकते. असे कार्ड स्वस्तात घेतलेल्याला लवकरच कूलरचा विचार करावा लागतो.

मूळ कूलर किती महत्त्वाचा ठरू शकतो?

याचे सर्वांत बोलके उदाहरण २०१३ मधील आहे. एएमडी कंपनीने त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये ‘रेडिऑन आर९ २९०एक्स’ हे कार्ड ५४९ डॉलरला बाजारात आणले. त्याच्या ४३८ चौरस मिलिमीटरच्या चिपवर ६२० कोटी ट्रान्झिस्टर होते आणि वेगाच्या बाबतीत ते त्या काळच्या याहून महागड्या कार्डांना टक्कर देत होते. मात्र त्यावरचा कूलर ब्लोअर पद्धतीचा, एकाच पंख्याचा होता. चिपचे तापमान ९५ अंश सेल्सिअसपर्यंत जाऊ द्यायचे, हे कंपनीनेच ठरवले होते आणि ते सुरक्षित असल्याचेही सांगितले होते.

कार्डवर एक छोटे बटण होते. ‘क्वाएट’ मोडमध्ये पंखा ४० टक्क्यांपर्यंत आणि ‘उबर’ मोडमध्ये ५५ टक्क्यांपर्यंत फिरण्याची मुभा होती. ९५ अंश गाठल्यावर पंख्याला आणखी वेग घेता आला नाही, की कार्ड स्वतःचाच वेग कमी करे. म्हणजे १००० मेगाहर्ट्झपर्यंत चालू शकणारी चिप त्याखाली उतरे. अंगावर पांघरूण तोकडे असले, की डोके झाकताना पाय उघडे पडतात. तसे येथे आवाज आवरला की वेग उघडा पडत होता.

पुढे आणखी एक गोष्ट समोर आली. ‘टॉम्स हार्डवेअर’ या परीक्षण करणाऱ्या प्रकाशनाने दुकानातून घेतलेले कार्ड आणि परीक्षणासाठी कंपनीकडून आलेले कार्ड यांची तुलना केली, तेव्हा दुकानातले कार्ड हळू चालत असल्याचे आढळले. ‘४० टक्के’ हा आकडा दोन्ही पंख्यांना सारखाच दिलेला असला, तरी पंखे प्रत्यक्षात वेगवेगळ्या वेगाने फिरत होते. अखेर एएमडीला ड्रायव्हरमध्ये बदल करून टक्क्यांऐवजी मिनिटाला किती फेरे, यावर पंख्याचे नियंत्रण आणावे लागले. पंख्याचा वेग टक्क्यांत सांगणारी चाचणी विश्वासार्ह का नसते, याचा धडा या प्रकरणाने दिला. चाचणीत फेरेच मोजायला हवेत.

आफ्टरमार्केट कूलर वेगळे काय करतो?

त्याच काळात २९० मालिकेच्या कार्डांवर बाहेरचे कूलर बसवून पाहण्याचे प्रयोग झाले. आर्क्टिक कंपनीच्या ‘अ‍ॅक्सेलेरो एक्स्ट्रीम थ्री’ या कूलरला ९२ मिलिमीटरचे तीन पंखे आणि पाच हीटपाइप होते. ‘रायजिनटेक मॉर्फियस’ तर १२ हीटपाइपचा होता आणि त्याची क्षमता ३६० वॅट सांगितली जात होती. दोघांचेही तत्त्व एकच. पात्यांचे क्षेत्रफळ वाढवायचे, मोठे पंखे लावायचे आणि ते सावकाश फिरवायचे.

सावकाश फिरवण्याला एवढे महत्त्व का, ते पंख्यांच्या नियमांवरून कळते. पंख्याचे फेरे दुप्पट केले, तर हवा साधारण दुप्पट मिळते. पण पंख्याला लागणारी वीज आठपट होते आणि आवाज सुमारे १५ डेसिबलने वाढतो. उलट बाजूने पाहिले तर फेरे निम्म्यावर आणले, की १५ डेसिबलची बचत. ही बचत ज्या कूलरला परवडते, तो शांत.

येथे वाचकाने एक तपशील लक्षात ठेवायला हवा. मॉर्फियससोबत पंखे मिळत नसत. ते वेगळे घ्यावे लागत. त्यामुळे एकाच कूलरची दोन परीक्षणे वाचली आणि त्यात दोन वेगळे पंखे वापरलेले असले, तर निकालही वेगळे येणार. पंख्याचे नाव आणि फेरे न सांगता दिलेला असा निकाल अर्धाच असतो.

नुसते ‘६६ अंश’ म्हणणे पुरेसे का नाही?

कारण हवेवर चालणारा कोणताही कूलर चिपला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. तो फक्त चिप आणि हवा यांच्यातील फरक कमी करतो. म्हणून जाणकार परीक्षक चिपचे तापमान न सांगता खोलीच्या हवेपेक्षा चिप किती अंशांनी गरम, हा फरक सांगतात.

उदाहरणादाखल, २२ अंशांच्या खोलीत एखादे २५० वॅटचे कार्ड ६६ अंशांवर स्थिरावले असे समजू. फरक झाला ४४ अंशांचा. म्हणजे प्रत्येक वॅटमागे तापमान सुमारे ०.१८ अंशांनी वाढले. आता तेच कार्ड, तोच कूलर आणि पंख्याचा तोच वेग मे महिन्यात नागपूर किंवा जळगावच्या ३८ अंशांच्या खोलीत ठेवला, तर हिशेबाने चिप ८२ अंशांवर जाईल. प्रत्यक्षात थोडी जास्तच, कारण तापलेली चिप त्याच कामाला किंचित अधिक वीज खाते. थंड देशातील वातानुकूलित खोलीत केलेल्या चाचणीचा आकडा आपल्या घरी का जुळत नाही, याचे उत्तर बहुतेक वेळा एवढेच असते. कूलर बिघडलेला नसतो. खोली वेगळी असते.

दुसरी अडचण अशी, की कार्डचा वेग स्वतःच तापमानानुसार बदलतो. एनव्हिडियाची २०१६ नंतरची कार्डे तापमान वाढेल तसा घड्याळाचा वेग लहान लहान टप्प्यांनी उतरवतात. चांगला कूलर बसवला, की कार्ड वेग वाढवते, जास्त वीज घेते आणि पुन्हा थोडे तापते. केवळ तापमान पाहणाऱ्याला वाटते, ‘एवढा मोठा कूलर आणि फरक तीनच अंशांचा?’ पण दरम्यान कार्ड अधिक काम करू लागलेले असते. त्यामुळे तापमानासोबत मेगाहर्ट्झ आणि वॅट यांचीही नोंद हवी. एनव्हिडिया असो वा एएमडी, ही नोंद ‘जीपीयू-झेड’ किंवा ‘एचडब्ल्यूइन्फो’ या मोफत प्रणालींमध्ये करता येते.

कोणते तापमान पाहायचे?

चिपचे सरासरी तापमान म्हणजे संपूर्ण कार्डचे तापमान नव्हे. चिपच्या आतही काही जागा इतरांपेक्षा जास्त तापतात. एएमडीने २०१९ मधील ‘रेडिऑन सेव्हन’ कार्डात ६४ सेन्सर बसवले आणि त्यातील सर्वांत तापलेल्या जागेचे तापमान, म्हणजे ‘हॉटस्पॉट’, दाखवायला सुरुवात केली. त्याच वर्षी ‘आरएक्स ५७००’ मालिकेसाठी गेम खेळताना हॉटस्पॉट ११० अंशांपर्यंत जाणे अपेक्षित आहे, असेही कंपनीने स्पष्ट केले. नवा कूलर बसवल्यावर चिपचे तापमान उतरले, पण हॉटस्पॉट मात्र पूर्वीपेक्षाही दूर गेला, तर कूलर चिपवर नीट टेकलेला नाही किंवा स्क्रू एका बाजूने जास्त आवळले गेले आहेत, असा त्याचा अर्थ निघू शकतो.

याहून मोठा धोका चिपच्या आजूबाजूला असतो. कार्डवरील मेमरी चिप आणि विजेचे नियमन करणारा व्हीआरएम हा भागही तापतो. मूळ कूलरमध्ये थर्मल पॅड लावून या भागांची उष्णता धातूच्या पट्टीत नेलेली असते. आफ्टरमार्केट कूलर अनेकदा फक्त मुख्य चिपवर बसतो आणि बाकीच्या भागांना चिकटवायला छोटे हीटसिंक दिले जातात. ते नीट चिकटले नाहीत किंवा त्यांच्यापर्यंत हवा पोहोचली नाही, तर विचित्र परिस्थिती उद्भवते. पडद्यावर चिप ६० अंशांवर निवांत दिसते आणि शेजारी व्हीआरएम शंभरीच्या घरात असतो.

एनव्हिडियाच्या ‘आरटीएक्स ३०९०’ या कार्डात तर २४ जीबीपैकी निम्म्या मेमरी चिप कार्डच्या पाठीमागच्या बाजूला होत्या. पुढच्या बाजूला कितीही उत्तम कूलर बसवला, तरी पाठ तापतच राहणार. म्हणून ज्या कार्डात मेमरी, व्हीआरएम किंवा हॉटस्पॉट यांचे सेन्सर आहेत, तेथे सगळे आकडे कूलर बदलण्यापूर्वी आणि नंतर टिपले पाहिजेत. कूलर चांगला की वाईट, हे त्यातील सर्वांत वाईट आकड्यावर ठरते.

आवाज मोजणे अवघड का?

डेसिबल ही साधी बेरीज-वजाबाकीची मोजपट्टी नाही. ३५ डेसिबलचे दोन पंखे एकत्र लावले, तर ७० नव्हे, ३८ डेसिबल होतात. १० डेसिबलची वाढ माणसाच्या कानाला साधारण दुप्पट आवाजासारखी वाटते. त्यामुळे ‘३८ आणि ४१ यांत काय मोठा फरक?’ असे म्हणता येत नाही. आवाजाची शक्ती तेवढ्यात दुप्पट झालेली असते.

अंतराचा प्रश्न त्याहून गोंधळाचा. मोकळ्या जागेत अंतर निम्मे केले, की आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो. एका परीक्षकाने एक मीटरवरून मोजले आणि दुसऱ्याने २५ सेंटिमीटरवरून, तर कूलर तोच असूनही आकड्यांत १२ डेसिबलपर्यंत तफावत येऊ शकते. दोन वेगवेगळ्या परीक्षणांतील डेसिबलचे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नये, ती यासाठीच. संगणक उपकरणांचा आवाज मोजण्याच्या पद्धतीसाठी ‘आयएसओ ७७७९’ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. मात्र हौशी चाचण्यांत सर्रास आपापले अंतर वापरले जाते.

तिसरा प्रश्न खोलीच्या स्वतःच्या आवाजाचा. खोलीतच ३५ डेसिबलची कुजबुज असेल आणि कार्डही ३५ डेसिबलचे असेल, तर मीटर ३८ दाखवेल. यातले कार्डचे किती, हे नुसत्या मीटरवरून सांगता येणार नाही. मीटरवरचा आकडा खोलीच्या शांततेपेक्षा किमान १० डेसिबलने जास्त असेल, तरच चूक अर्ध्या डेसिबलच्या आत राहते. भारतात निवासी भागांसाठी आवाजाची कायदेशीर मर्यादाच रात्री ४५ आणि दिवसा ५५ डेसिबल आहे. रस्त्यालगतच्या फ्लॅटमध्ये दिवसा शांत कूलर मोजणे म्हणजे बाजारात टाचणी पडल्याचा आवाज ऐकण्यासारखे आहे. म्हणूनच शांत संगणकांच्या परीक्षणासाठी नावाजलेल्या, कॅनडातील व्हँकुव्हरच्या ‘सायलेंट पीसी रिव्ह्यू’ने प्रतिध्वनीविरहित खोली उभारली होती. तेथे पार्श्वभूमीचा आवाज ११ डेसिबलच्या आसपास असे आणि मोजमाप एक मीटरवरून होई.

मग खरी तुलना कशी करायची?

तापमान आणि आवाज वेगवेगळे पाहिले, की फसगत होते. समजा, कूलर ‘अ’ कार्डला ६६ अंशांवर ठेवतो आणि त्याचा आवाज ४२ डेसिबल आहे. कूलर ‘ब’ ७१ अंशांवर ठेवतो, आवाज ३४ डेसिबल. कोणता चांगला? थंडपणा हवा असलेला ‘अ’ म्हणेल, शांतता हवी असलेला ‘ब’. प्रत्यक्षात या आकड्यांवरून निकाल लागतच नाही, कारण दोन्ही कूलरच्या पंख्यांना कारखान्यात वेगवेगळा वेग ठरवून दिलेला आहे. पंख्याचा वेग हा कूलरचा गुण नाही. ती एक सेटिंग आहे.

यावर उपाय म्हणजे एक बाजू बांधून टाकायची. दोन्ही कूलरचे पंखे असे लावायचे, की समान अंतरावरून आवाज सारखाच, समजा ३४ डेसिबल, भरेल. आता पंखे मंद केल्यावर ‘अ’वरचे कार्ड ७४ अंशांवर गेले, तर ‘ब’ हाच अधिक चांगला कूलर आहे, हे निर्विवाद ठरते. तितक्याच आवाजात तो कार्डला तीन अंश थंड ठेवतो. अमेरिकेतील ‘गेमर्स नेक्सस’सारखे परीक्षक समान आवाजावरची ही तुलना नियमितपणे देतात. परीक्षण वाचताना किंवा पाहताना सर्वांत आधी शोधायचा तो हाच तक्ता. तो नसेल, तर उरलेले तक्ते पंख्याच्या सेटिंगविषयी जास्त आणि कूलरविषयी कमी सांगतात.

बाकी अटीही सारख्याच हव्यात. भार तोच असावा, म्हणजे तोच गेम, तेच दृश्य किंवा तीच चाचणी. ‘थ्रीडीमार्क’ची ताण चाचणी एकच दृश्य २० वेळा चालवते आणि वेगातील स्थिरता ९७ टक्क्यांहून कमी भरली, तर कार्डला नापास करते. ‘फरमार्क’सारखी चाचणी कार्डला खऱ्या गेमपेक्षा जास्त तापवू शकते; ती सर्वांत वाईट स्थिती पाहायला ठीक, पण रोजच्या वापराचा अंदाज तिच्यावरून बांधू नये. पाच मिनिटांत नोंद घेऊन थांबणेही चूक. मोठा हीटसिंक उशिरा तापतो. तापमानाचा आलेख सपाट होईपर्यंत, म्हणजे साधारण २० ते ३० मिनिटे, थांबावे लागते.

कॅबिनेट उघडे की बंद, याने काय फरक पडतो?

बराच. ब्लोअर कूलर गरम हवा कार्डच्या मागच्या फटीतून थेट कॅबिनेटबाहेर फेकतो. आवाज करतो, पण घर साफ ठेवतो. मोठ्या पंख्यांचे आफ्टरमार्केट कूलर ती हवा कॅबिनेटमध्येच सोडतात. टेबलावर उघड्यावर केलेल्या चाचणीत हा दोष दिसतच नाही. बंद कॅबिनेटमध्ये मात्र तीच गरम हवा प्रोसेसरचा कूलर ओढून घेतो, प्रोसेसर तापतो आणि त्याचा पंखा आवाज करू लागतो. ग्राफिक्स कार्ड शांत झाले, पण संगणक नाही, अशी गत होते.

त्यामुळे बंद कॅबिनेटमधील चाचणीत प्रोसेसरचे तापमान आणि कॅबिनेटच्या पंख्यांचे फेरेही टिपले पाहिजेत. कॅबिनेटमध्ये हवा आत घेणारे पंखेच नसतील, तर कार्डच्या कूलरवर पैसे खर्च करण्याआधी एखादा पंखा पुढे लावून पाहणे शहाणपणाचे.

मोबाइलवरील अ‍ॅपने आवाज मोजता येतो का?

नेमका आकडा मिळत नाही. फरक बऱ्यापैकी कळतो. मोबाइलचा माइक बोलणे टिपण्यासाठी बनवलेला असतो. दोन वेगळ्या फोनवर तेच अ‍ॅप वेगळा आकडा दाखवू शकते आणि फार मंद आवाजात माइकची स्वतःची खरखरच मोजली जाते. मात्र तोच फोन, तेच अ‍ॅप आणि तीच जागा ठेवली, तर ‘पूर्वी’ आणि ‘नंतर’ यांतील फरकाचा अंदाज येतो. फोनचे कव्हर काढावे, फोन पंख्याच्या झोतात येणार नाही असा ठेवावा आणि जागेवर खूण करावी.

आपल्याकडे एक वेगळीच अडचण येते. आवाज मोजायला छताचा पंखा आणि एसी बंद करावा लागतो आणि तो बंद केला, की खोली तापून तापमानाची चाचणी बिघडते. यातून वाट काढता येते. पंख्याचा आवाज त्याच्या फेऱ्यांवर अवलंबून असतो, कार्ड किती तापले आहे यावर नाही. म्हणून दोन्ही मोजमापे वेगवेगळ्या वेळी करावीत. रात्री सगळे निजल्यावर, कार्डवर काहीही भार नसताना, ‘एमएसआय आफ्टरबर्नर’सारख्या प्रणालीने पंखा ८००, १०००, १२००, १४०० अशा ठरावीक फेऱ्यांवर बांधायचा आणि प्रत्येक वेळचा आवाज लिहून ठेवायचा. दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे पंखा-एसी चालू ठेवून त्याच फेऱ्यांवर अर्धा तास भार देऊन तापमान टिपायचे. सोबत खोलीचे तापमान साध्या थर्मामीटरने कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला मोजायचे. दोन्ही नोंदी जुळवल्या, की किती आवाजात किती थंडावा, याचा तक्ता तयार होतो.

कूलर बदलण्याआधीची नोंद घ्यायला बहुतेक जण विसरतात. त्याहून मोठी चूक म्हणजे वाळलेल्या पेस्टवरच्या जुन्या कूलरची तुलना ताज्या पेस्टवरच्या नव्या कूलरशी करणे. तापमान १५ अंशांनी उतरले, तर त्यात नव्या कूलरचा वाटा किती आणि ताज्या पेस्टचा किती? हे कळायचे, तर आधी जुन्याच कूलरखाली नवी पेस्ट लावून चाचणी करायला हवी.

आकड्यांत न येणारे काय असते?

मीटर आवाजाची पातळी सांगतो, आवाजाचा स्वभाव नाही. सलग येणारा मंद वाऱ्यासारखा ३८ डेसिबलचा आवाज काही वेळाने कानाआड होतो. तेवढ्याच पातळीची बारीक शिट्टी किंवा बेअरिंगची टकटक मात्र डोके उठवते. कार्डवरील कॉइलमधून येणारी चिरचिर तर पंख्याशी संबंधितच नसते. कूलर बदलून ती जात नाही. उलट पंखे शांत झाल्यावर आधी झाकलेली चिरचिर स्पष्ट ऐकू येऊ लागते. पंखा दर मिनिटाला थांबत आणि सुरू होत असेल, तर सरासरी आवाज कमी भरूनही त्रास जास्त होतो. अशा वेळी पंख्याचा वेग सलग कमी ठेवणे बरे पडते. म्हणून चाचणीत आकड्यासोबत कानाने ऐकलेले दोन शब्दांत लिहून ठेवावे.

मग कूलर घ्यावा का?

गेल्या काही वर्षांत आफ्टरमार्केट कूलरची गरज आणि निवड दोन्ही कमी झाल्या आहेत. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या ‘आरटीएक्स ४०९०’ या ४५० वॅटच्या कार्डावर कारखान्यातूनच तीन स्लॉट व्यापणारा अजस्र कूलर येतो. शिवाय प्रत्येक कार्डातील स्क्रूची जागा आणि मेमरीची मांडणी वेगळी असल्याने एकच कूलर सगळ्यांना बसत नाही. घेण्यापूर्वी आपल्या कार्डच्या नेमक्या मॉडेलला तो चालतो का, कॅबिनेटमध्ये किती स्लॉटची आणि किती लांबीची जागा आहे, हे मोजून पाहावे. कूलर काढल्यास वॉरंटी राहते की जाते, हे कार्डच्या अटींत वाचावे. छोटे हीटसिंक थर्मल ग्लूने चिकटवायचे असतील, तर मूळ स्थितीत परत येणे जवळपास अशक्य असते, हेही लक्षात घ्यावे.

त्यामुळे क्रम असा ठेवणे स्वस्तात पडते. प्रथम धूळ साफ करावी. मग पंख्याचा वेग थोडा कमी करून तापमान कुठे जाते ते पाहावे. कार्डला दिलेली विजेची मर्यादा १०-१५ टक्क्यांनी उतरवल्यासही अनेकदा वेगाचे नुकसान फार न होता उष्णता घटते. वॉरंटी संपली असेल, तर पेस्ट आणि पॅड बदलावेत. त्यानंतर, हीटसिंक चांगला असून पंखेच खराब असतील, तर वरचे प्लास्टिकचे आवरण काढून १२० मिलिमीटरचे साधे पंखे लावण्याचा मार्ग आहे. त्यासाठी कार्डवरच्या लहान जोडणीला बसणारे अ‍ॅडॉप्टर लागते. यातले काहीच लागू पडले नाही, तर पूर्ण कूलर बदलण्याचा विचार करावा.

प्रत्येक पायरीनंतर तीच चाचणी करावी: तेच फेरे, तोच भार, तेच अंतर, आणि खोलीचे तापमान वजा करून. वहीच्या एका पानावर मावेल एवढीच ही नोंद असते. पण बहुतेकांना तिसऱ्या पायरीपर्यंतच कळून चुकते, की नव्या कूलरसाठी बाजूला ठेवलेले पैसे खर्च करण्याची गरज उरलेली नाही. आणि ज्यांना खर्च करावाच लागतो, त्यांना आपण नेमके काय विकत घेतले, हे जाहिरातीच्या आकड्याशिवायही सांगता येते.